भूगोलाच्या सरांना कोणी राजदूत केले नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालचा (शनिवार, ३ मे २०२५) आपला अग्रलेख वाचला. येमेनवरच्या हल्ल्याची गुप्त चर्चा चाललेल्या मोबाइल ग्रुपमध्ये चुकून एका पत्रकाराला घेणारे माइक वॉल्ट्झ यांना ट्रम्प यांनी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारपदावरून हटवले, म्हणजे अमेरिकेत उत्तरदायित्व अजून शिल्लक आहे, असा आपला निष्कर्ष. एवढ्यावर थांबला असतात तर मी कागद पुढे ओढला नसता. पण पुढे आपण लिहिता की मोबाइलच्या जमान्यात चुकीचा माणूस ग्रुपमध्ये कोणाच्याही हातून घातला जातो, आणि शेवटी हानी तर काही झाली नाही!

आधी हटवण्याचे बघू. गुरुवारी, १ मे रोजी, ट्रम्प यांनी ज्या घोषणेत वॉल्ट्झ यांचे पद काढले त्याच घोषणेत त्यांना संयुक्त राष्ट्रांतले राजदूत म्हणून नेमायचेही जाहीर केले. सिनेटने मान्यता दिली की मुक्काम न्यूयॉर्क. आमच्या शिक्षण खात्यात याला बदली म्हणतात, आणि तीसुद्धा सोयीच्या ठिकाणची. त्यासाठी लोक पुण्याला खेटे घालतात.

मी निवृत्त मुख्याध्यापक. दहावी-बारावीच्या परीक्षांना बरीच वर्षे केंद्रसंचालक होतो, त्यामुळे गुपित सांभाळणे म्हणजे काय हे मला थोडेफार कळते. प्रश्नपत्रिका ताब्यात असलेल्या परीरक्षकाकडून रनर, म्हणजे ने-आण करणारा माणूस, सीलबंद पाकिटे आणणार, त्याची वेळ नोंदवली जाणार, वर्गात दोन मुलांच्या सह्या घेतल्याशिवाय पाकीट फुटणार नाही. पर्यवेक्षकांनी मोबाइल आधी जमा करायचे, मगच वर्गावर जायचे. प्रश्नपत्रिका पूर्वी दहा मिनिटे आधी हातात पडायची. व्हॉट्सॲपवर तिचे फोटो फिरायला लागल्यावर मंडळाने २०२३ मध्ये ती सवलत बंद केली आणि दहा मिनिटे शेवटी जोडून दिली. बीजगणिताच्या पेपरासाठी एवढा बंदोबस्त, साहेब.

आणि तिकडे? १५ मार्चला (आपल्याकडे दहावीची परीक्षा अजून संपायची होती) संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी वॉशिंग्टनच्या घड्याळाप्रमाणे ११ वाजून ४४ मिनिटांनी सिग्नल या मेसेजिंग ॲपच्या ग्रुपवर येमेनमधल्या हुथी बंडखोरांवरच्या हल्ल्याचे वेळापत्रकच टाकले. पहिली एफ-१८ विमाने १२.१५ ला उडणार, ड्रोन कधी पोचणार, पहिले बॉम्ब नक्की कधी पडणार, सगळे ओळीने. उड्डाणाला अवघी ३१ मिनिटे बाकी. ग्रुपमध्ये उपाध्यक्ष व्हान्स, परराष्ट्रमंत्री रुबिओ, सीआयएचे प्रमुख रॅटक्लिफ, राष्ट्रीय गुप्तचर संचालक तुलसी गॅबार्ड अशी मंडळी, आणि त्यांच्यात ‘द अटलांटिक’ मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग! त्यांना वॉल्ट्झ यांनीच आत घेतलेले. तो गृहस्थ एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाट बघत होता, की हे खरे असेल तर आता येमेनची राजधानी सना इथे बॉम्ब पडायला हवेत. पडले.

आता आमच्या भूगोलाच्या सरांचे सांगतो, कारण अग्रलेख वाचताना मला सारखे तेच दिसत होते. वडील मिरजेला दवाखान्यात, अतिदक्षता विभागात. सरांनी फोन जमा केला नाही, आवाज बंद करून पॅन्टच्या खिशात ठेवला. नेमके त्याच दिवशी भरारी पथक आले. पथकातल्या बाई वर्गात शिरल्या आणि सरांचा खिसा थरथरू लागला. दवाखान्यातूनच फोन होता. बाईंनी फोन हातात घेतला, सगळा तपासला. प्रश्नपत्रिकेचा फोटो नाही, कसला मेसेज नाही, काही नाही. तरीही पंचनामा झाला. अहवाल मी लिहिला, खाली सही माझी. त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. नियम लेखी होता आणि सरांनी त्यावर पोच दिली होती. पुढे कारणे दाखवा नोटीस आली, एक वेतनवाढ अडकली आणि परीक्षेच्या कामातून त्यांचे नाव कायमचे गेले. सर एक शब्द बोलले नाहीत. ‘फोनने नंबर आपोआप ओढून घेतला असेल’ असे म्हणाले नाहीत. वॉल्ट्झ मात्र फॉक्स न्यूजवर बसून जवळपास तेच सांगत होते. संपूर्ण जबाबदारी माझी, हे एका वाक्यात. गोल्डबर्गला मी ओळखतही नाही, हे दुसऱ्या वाक्यात. राष्ट्राध्यक्षांनी त्यावर प्रमाणपत्र दिले की माइक भला माणूस आहे आणि त्याला धडा मिळाला आहे. भूगोलाच्या सरांना असे प्रमाणपत्र मिळाले नाही. त्यांना कोणी शिक्षणाधिकारीही केले नाही.

जबाबदारी अमेरिकेत नाही असे मी म्हणत नाही. आहे की! मॅसॅच्युसेट्सच्या हवाई नॅशनल गार्डमधला जॅक टेशेरा हा पोरगा डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर गोपनीय कागद टाकताना सापडला, त्याला नोव्हेंबर २०२४ मध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली. त्याने जाणूनबुजून केले, हे मान्य. पण हेगसेथ यांच्याबद्दल काय म्हणायचे? दुसऱ्याही एका सिग्नल ग्रुपवर त्यांनी त्याच हल्ल्याचा तपशील टाकला आणि त्या ग्रुपमध्ये त्यांची बायको, भाऊ आणि वकील होते, ही बातमी २० एप्रिलला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दिली. आपणही ती आत कुठेतरी छापली होती. हेगसेथ अजून खुर्चीवर आहेत. उलट गेले कोण, तर एनएसए या गुप्तचर संस्थेचे प्रमुख जनरल टिमोथी हॉग. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांना काढले आणि कारणही सांगितले नाही.

२०१६ साली हिलरी क्लिंटन यांनी परराष्ट्रमंत्री असताना वापरलेल्या खासगी ईमेल सर्व्हरवरून ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या सभांमध्ये ‘तिला आत टाका’ अशा आरोळ्या उठत होत्या. अधिवेशनाच्या व्यासपीठावरून त्या घोषणेला जोर देणारे मायकल फ्लिन पुढे ट्रम्प यांचे पहिले सुरक्षा सल्लागार झाले आणि २४ दिवसांत गेले. हे आपल्या अग्रलेखात यायला हरकत नव्हती. जागा नसेल.

हानी झाली नाही म्हणता, ती कोणाची? गोल्डबर्ग यांनी नंतर छापलेल्या संदेशांत वॉल्ट्झ यांचाच एक आहे: हुथींचा क्षेपणास्त्रांचा मुख्य माणूस मैत्रिणीच्या इमारतीत शिरताना ओळखला गेला आणि आता ती इमारत कोसळली आहे. त्यावर व्हान्स यांचे उत्तर, ‘एक्सलंट’. वॉल्ट्झ यांनी मूठ, झेंडा आणि आग अशी चित्रे टाकली. इमारतीत आणखी कोण राहत होते, हे त्या ग्रुपवर कोणी विचारलेले नाही. हुथींच्या आरोग्य मंत्रालयाने त्या हल्ल्यांतल्या मृतांचा आकडा ५३ सांगितला. तो फुगवलेला असेल असे समजा, निम्मा धरा. तरी ‘हानी काही नाही’ हे शब्द मराठी वर्तमानपत्रात कसे येतात?

आणि ज्याच्यावर आपण अर्धे वाक्य खर्च केले त्या रुबिओंकडे जरा नीट बघा. परराष्ट्रमंत्री तेच. आता वॉल्ट्झ यांच्या जागी हंगामी सुरक्षा सल्लागारही तेच. या दोन खुर्च्यांवर एकाच वेळी यापूर्वी फक्त हेन्री किसिंजर बसले होते, १९७३ ते १९७५. (१९७१ ला अमेरिकेचे सातवे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाले तेव्हा त्यांच्याकडे एकच खुर्ची होती, तेवढ्यात त्यांनी आपल्याला काय दाखवले ते आमच्या पिढीला आठवते.) शिवाय यूएसएड या परदेशांना मदत देणाऱ्या सरकारी संस्थेचे हंगामी प्रमुखपदही रुबिओंकडे. आणि चौथे पद? राष्ट्रीय अभिलेखागाराचे हंगामी प्रमुख! म्हणजे सरकारचा प्रत्येक कागद जपून ठेवायची कायदेशीर जबाबदारी ज्याची, तोच माणूस अशा ग्रुपमध्ये होता जिथे काही संदेश आठवड्याने आणि काही चार आठवड्यांनी आपोआप पुसले जातील अशी सोय केलेली होती. न्यायाधीश बोसबर्ग यांना आदेश काढून सांगावे लागले की ते संदेश जपा. अग्रलेखाला विषय हवा होता तर हा होता.

यात आपला काय संबंध, असे कोणी विचारील. पहलगामला २६ माणसे मारली त्याला अजून दोन आठवडे झालेले नाहीत. बुधवारी, ३० एप्रिलला, याच रुबिओंनी जयशंकर आणि शाहबाज शरीफ या दोघांना फोन केले. गॅबार्ड तर येमेनवरच्या हल्ल्याच्या पाठोपाठ परराष्ट्र धोरणावरच्या रायसीना संवाद या परिषदेसाठी दिल्लीत होत्या. आपल्याशी झालेले बोलणे ही मंडळी कुठे लिहितात, कोणाला पाठवतात, हा प्रश्न म्हणून रास्त आहे. कारण त्याच बुधवारी मंत्रिमंडळाच्या बैठकीत वॉल्ट्झ टेबलाखाली फोन बघत होते आणि रॉयटर्सच्या छायाचित्रकाराने पडद्यावरच्या संभाषणासकट तो टिपला. हाच का तो मिळालेला धडा? गेल्या नोव्हेंबरात त्यांची निवड झाली तेव्हा अमेरिकी काँग्रेसमधल्या इंडिया कॉकस या भारतमित्र खासदारांच्या गटाचे सहअध्यक्ष म्हणून आपण त्यांचे किती कौतुक केले होते, तेही चाळून बघा. माझ्याकडे कात्रण आहे.

जाता जाता आणखी एक. पहिल्या पानावर पान, त्यावर पुन्हा जाहिरातीचे पान, असे आपले वर्तमानपत्र हल्ली सोलून वाचावे लागते. आणि वाचकांच्या पत्रांना मात्र जागा नसते. परीक्षा केंद्रांवरच्या बाकांविषयीचे माझे मागचे पत्र आपण असे कापलेत की बाके पुरेशी आहेत असे मीच म्हणतो आहे असा अर्थ निघाला. त्यावरून शाळेतल्या लोकांचे मला फोन आले.

हे पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. कापायचेच असेल तर किसिंजर काढा, फ्लिन काढा, माझे बाकांचे रडगाणेही काढा. भूगोलाच्या सरांचा परिच्छेद मात्र आहे तसा ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त केंद्रसंचालक, विटा (जि. सांगली)
(नाव प्रसिद्ध करू नये.)