सिस्टर, तुमच्यामुळे बाळ घरी आलं

आदरणीय सिस्टर,
सा. न.

बाळ काल घरी आलं, म्हणून सगळ्यात आधी तुम्हालाच लिहायला बसलो.

आषाढातला पाऊस, साकव पाण्याखाली. त्यामुळे आठव्या महिन्यातच बाळंतपण घरी झालं आणि ग्रामीण रुग्णालय गाठेपर्यंत बाळ गारठून गेलं. तुमच्या थर्मामीटरवर आकडाच येईना, नुसतं 'लो'. ऊब देणाऱ्या वॉर्मरखाली ठेवून अंगाला तापमान मोजणारा प्रोब लावला तेव्हा 31 अंश दिसले. असायला हवं किमान साडेछत्तीस. साखर तपासायला टाचेला टोचलंत, तर तो टिपूसभर रक्ताचा थेंब थांबेचना. कापूस बदलला, पुन्हा लाल. आम्हाला वाटलं, सुई खोल गेली असेल.

तुम्ही मात्र ओळखलंत. अंग एवढं थंड झालं की रक्त गोठवणारी द्रव्यं मंदावतात, रक्त थांबवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट्सही नीट चिकटत नाहीत, फुफ्फुसातसुद्धा रक्तस्राव होऊ शकतो, हे तुम्ही टाच दाबून धरलेली असतानाच सांगितलंत. डॉक्टरांना विचारून रक्त गोठायला मदत करणारं व्हिटॅमिन 'के'चं इंजेक्शन दिलंत, पण 'आधी ऊब' हे धरून ठेवलंत. काकी गरम पाण्यानं आंघोळ घालूया म्हणाली, तिलाही समजावलंत, की ओलं अंग आणखी गार पडतं.

रत्नागिरीला पाठवताना चिठ्ठीवर बाळाचं तापमान ठळक लिहून त्याखाली रेघ ओढलीत. कारण लॅबमध्ये रक्त 37 अंशांवर तपासतात. रिपोर्ट बरा दिसला तरी गार बाळाच्या अंगात ते तसं गोठत नसतं. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तीच ओळ वाचली. पुढे प्लाझ्मा (रक्तातला गोठवणारी द्रव्यं असलेला पातळ भाग) द्यावा लागला, पण अंग तापल्यावर टाचेतनं रक्त येणं थांबलं.

बायकोला उठवत नव्हतं, तेव्हा माझा शर्ट उतरवून बाळाला उघड्या छातीशी बांधलंत, डोक्यावर टोपी, वरून दोन चादरी. बापाच्या अंगाची ऊबही चालते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घाटातली वळणं घेताना त्याचा श्वास माझ्या छातीवर लागत होता, तेवढाच आधार होता.

तुमची रात्रपाळी संपली होती, तरी गाडी सुटेपर्यंत तुम्ही थांबलात. हे उपकार आमचं घर विसरणार नाही.

दीड महिन्याच्या डोसला बाळाला घेऊन तुमच्याकडेच येतोय. त्या दिवशी ड्युटी कोणती ते आशाताईंकडे निरोप ठेवा.

आपला,
बाळाचा बाबा