कट-ऑफ न होणारा कॉम्प्रेसर

सोलापूर
१८ मे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू आईला म्हणालीस, "दिवसभर खुर्चीत बसूनच असते, रात्री जेवायला कशाला पाहिजे?" आई चिडली, मी गप्प बसलो. पण तुझं बोलणं डोक्यातून जाईना. फ्रीज दुरुस्त करणाऱ्याच्या पोरीने असं म्हणावं?

गिऱ्हाइकंही मला हेच विचारतात. फ्रीज नुसता उभा असतो, मग बिल कसलं? अहो, गार राहणं हेच त्याचं काम. दाराच्या रबरातून, पत्र्यातून उष्णता आत शिरतच असते आणि कॉम्प्रेसर ती बाहेर काढत बसतो. आत्ता इथे पारा ४३ वर आहे. दुपारी दुकानातल्या फ्रीजचा कॉम्प्रेसर कट-ऑफच घेत नाही, म्हणजे पुरेसं गार झालं म्हणून थांबतच नाही.

तुझं अकरावीचं जीवशास्त्र माळ्यावरून काढलं. (तुझ्या वहीतल्या आकृत्या पुस्तकातल्यांपेक्षा बऱ्या आहेत. सी.ए.च्या नादात हात बिघडवू नकोस.) त्यात पेशीच्या पंपाचं वाचून मी दुकान उघडायचं विसरलो. पेशीत सोडियम झिरपत राहतं, पोटॅशियम बाहेर गळत राहतं. पंप एका खेपेला तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत ओढतो आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतो. गळती बंद होत नाही, म्हणून पंपालाही सुट्टी नाही. तू गाढ झोपलेली असताना शरीर जेवढी ऊर्जा जाळतं, तिचा पाचवा हिस्सा तरी या उपसण्यात जातो. मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत घेतात. आपल्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी येतं तरी आपण इतकं जपून वापरत नाही.

मी हिशेब मांडला. तुझं वजन ५० किलो. नुसतं पडून राहिलीस तरी दिवसाला साधारण १२०० किलोकॅलरी, म्हणजे विजेच्या मापात १.४ युनिट. आपल्या घरचा फ्रीज एवढं खात नाही! त्यातला पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो, तू ताळेबंद लिही नाहीतर भिंतीकडे बघत बस.

भिंतीवरून आठवलं. दुकानातली पाल आठवडाभर दोन-चार किड्यांवर काढते. तिला अंग ३७ अंशांवर धरून ठेवायचं नसतं, म्हणून तिचं भागतं. तू पाल नाहीस.

उन्हाळ्यात तर जास्तच. हवाच ४३ ची असेल तर अंगातली उष्णता बाहेर जायला घामाशिवाय वाट नाही. एक लिटर घाम सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. इथली हवा कोरडी, म्हणून कूलर चालतो आणि घाम आला कधी, सुकला कधी कळतही नाही. ते पाणी आणि मीठ भरून काढावं लागतं.

फ्रीजचं बटण बंद केलं तर तो गरम होतो, पण महिन्याने चालू केला तरी चालतो. शरीराला बटण नाही. खाल्लं नाहीस तर आधी यकृतातला साखरेचा साठा काढतं. तो जेमतेम १०० ग्रॅमचा, दिवसभरात संपतो. मग साखर कशातून करायची? स्नायूंतून. म्हणजे घरातली दारं-खिडक्या फोडून चूल पेटवायची.

उद्याच्या एस.टी.ने डबा पाठवतोय. शेंगाचटणी दोन पुड्या, कडक भाकरी वीस. भाकरी मेसच्या वरणात चुरून खा. रिकामा डबा परत पाठव, मागचे दोन तुझ्याकडेच आहेत.

तुझे,
बाबा