नाही म्हणायचं तर पहिल्याच दिवशी म्हणा

संपादक साहेब, नमस्कार.

एखाद्या डॉक्टरला गर्भपात करणं पटत नसेल तर नसेल, ज्याचा त्याचा देवधर्म आहे, त्यावर मी भांडत नाही. पण मग केस पेपर काढायच्या आधीच सांगा की ओ.

आमच्या पूर्व भागात विड्या वळणारी एक बाई आहे, दोन लेकरं, तांबी बसवलेली असून दिवस गेले, नवरा भिवंडीला मागावर. ती दवाखान्यात गेली तेव्हा दीड महिनापण झाला नव्हता, गोळ्यांवर काम झालं असतं. आधी सोनोग्राफी करून आण म्हणाले, मग मॅडम सुट्टीवर, मग नवऱ्याची सही पाहिजे, त्याला पगाराशिवाय यायला जमेना, आणि एवढं करून तो आला, दोघं समोर बसले तर डॉक्टर म्हणतात आमच्याकडं असली पापाची कामं होत नाहीत. अहो मग इतके दिवस खेळवलं कशाला? गोळ्यांची मुदत नऊ आठवडे, ती तोवर उलटली, शेवटी दुसरीकडं पिशवी साफ करावी लागली. आणि विडीचं तर असंय की हजार वळून कारखान्यात दिल्या तर पैसे, नाहीतर काही नाही. म्हणून लगेच पोटाला फडकं बांधून, सूप मांडीवर घेऊन बाई परत वळायला बसलेली.

ती सही कायद्यात कुठंच नाही बरं का. १९७१ च्या कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, आणि सप्टेंबर २०२२ मधे सुप्रीम कोर्टानंपण सांगितलं की डॉक्टरांनी घरच्यांच्या संमतीसारख्या जादा अटी घालू नयेत. साधन फेल गेलं हे कारण २०२१ च्या दुरुस्तीनंतर लग्न न झालेल्या बाईलापण चालतं, आणि २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत बास होतं. राहिला पापाचा मुद्दा, तर मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत लिहिलंय की वैद्यकीय गरज असताना निव्वळ धर्माच्या कारणावरून गर्भपाताला किंवा संततिनियमनाला नकार देता येत नाही, ते काम आपल्याला जमत नसेल तर गोष्ट वेगळी. इमर्जन्सीत तर नाही म्हणायची सोयच नाही.

मला विचाराल तर सगळेच काय पापाला भीत नाहीत. गर्भलिंग तपासणीची चौकशी मागं लागेल ही धास्ती जास्त आहे, कितीतरी मेडिकलवाले त्यामुळंच गोळ्या ठेवत नाहीत. तो १९९४ चा कायदा वेगळा, तो लिंग तपासण्यावर आहे, रीतसर गर्भपातावर नाही. भीती असेल तर भीती म्हणा, देवाला मधे आणू नका. आणि पोरगी बिनलग्नाची दिसली की काहींचा देव जरा जास्तच जागा होतो, तेपण आम्हाला दिसतं.

तर ज्यांना हे काम करायचं नाही त्यांनी काउंटरवर तशी पाटी लावावी आणि कुठं जायचं ते त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून द्यावं. सरकारी दवाखान्यात होतं हेच कितीजणींना माहीत नसतं. महापालिकेनं प्रत्येक आरोग्य केंद्रावर मान्यता असलेल्या दवाखान्यांची यादी लावावी, नुसती मराठीत नको, तेलुगू आणि कन्नडमधेपण लावा, आणि बाहेरच्या भिंतीवर लावा, साहेबांच्या केबिनमधे नको.

– एक वाचक भगिनी, पूर्व भाग, सोलापूर