परभणीच्या रेडिओवाल्या काकांना, 90 व्होल्टच्या निमित्तानं

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही दुरुस्त केलेला जुना रेडिओ रिसीव्हर बोलायला लागला. 40 मीटर बँडवर दोन हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, मोर्समध्ये गप्पा मारत होते, ते नांदेडात माझ्या गच्चीवर स्वच्छ ऐकू आले. तुम्ही मजुरीचा एक रुपया घेतला नाहीत, वर चहा पाजलात. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. असे बॅटरीवरचे सेट मराठवाड्यात अजून कुणाकुणाच्या माळ्यावर पडून असतील.

सेट एका दिवंगत हॅमनं हातानं बांधलेला. दोन 1टी4 आणि एक 3एस4, एवढेच व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या. फिलामेंटला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, दीड व्होल्ट; करंट ओढणाऱ्या प्लेटला 90. ती 90 व्होल्टची बी बॅटरी म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यात ओळीनं जोडलेले दीड व्होल्टचे 60 सेल. ट्रान्झिस्टर आले आणि ही खोकी दुकानांतून गेली. ‘बूस्ट कन्व्हर्टर बसव, सुटशील,’ असं मला बहुतेकांनी सांगितलं होतं; म्हणजे थोड्या व्होल्टचे जास्त व्होल्ट करणारं सर्किट. तुम्ही म्हणालात, ‘बसव की. मग स्टेशन कमी अन् खरखर जास्त ऐक.’

मग 9 व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकीत एक अडकवून तुम्ही जुन्या रिकाम्या खोक्यातच बसवल्या. सेट ओढतो जेमतेम 10 मिलिअँपिअर, म्हणजे चांगल्या अल्कलाइन बॅटऱ्या 50 तासांच्या आसपास पुरतील. फिलामेंटला तिन्ही मिळून 200 मिलिअँपिअर लागतात, त्याला टॉर्चचे दोन जाडे सेल पॅरलल.

पण खरे आभार बी बॅटरीच्या त्या काळ्या, निगेटिव्ह तारेसाठी. आधी कुणीतरी दुरुस्ती करताना दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह थेट चॅसीला, म्हणजे सेटच्या धातूच्या सांगाड्याला, जोडून टाकले होते. दिसायला सगळं बरोबर. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून तिथला 680 ओहमचा रेझिस्टर दाखवलात. बी बॅटरीचा निगेटिव्ह त्यातूनच चॅसीला जायला हवा. सगळ्या सेटचा करंट त्यातून वाहतो, त्याच्या टोकांवर सुमारे 7 व्होल्ट पडतात आणि तोच 3एस4च्या ग्रिडचा, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीचा, निगेटिव्ह बायस. बायससाठीची वेगळी सी बॅटरी वाचते. रेझिस्टर चुकवला की आवाज फाटतो, व्हॉल्व्ह अधाशासारखा करंट ओढतो आणि बॅटरी भलत्याच लवकर बसते. सर्किटचा कागद नसताना हे ओळखणारे हात आता किती उरलेत, कोण जाणे.

आणि तुमची ती शिस्त! व्हॉल्व्ह काढून ठेवायचे, बॅटऱ्या जोडायच्या, सॉकेटच्या फिलामेंट पिनांवर मीटर लावायचा. दीडपेक्षा बरंच जास्त दिसलं तर व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. 90 व्होल्ट तिकडे गेले की केसाएवढी तार क्षणात संपते, आणि असे व्हॉल्व्ह आता शोधत बसावे लागतात. ते पेटलेले डोळ्यांना दिसतही नाहीत. ‘मेला’ समजून व्होल्टेज वाढवणाऱ्यांनी कितीतरी जाळले, हे तुमचंच वाक्य.

तुमच्या मीटरची लाल लीड चिकटपट्टीवर तगून आहे, ते मी बघितलं. पुढच्या खेपेला नवी जोडी आणतोय. त्याचे पैसे द्यायला खिशात हात घालू नका.

तुमचा,
नांदेडचा हॅम