नेटवर्क बंदची भरपाई टॉवरनिहाय द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या जिल्ह्यातील मोबाईल सेवा २४ तासांहून अधिक काळ ठप्प राहिली, तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ द्यावी, अशी तरतूद ‘ट्राय’ या दूरसंचार नियामक संस्थेने २०२४ च्या नियमांत केली आहे. कॉल ड्रॉपच्या भरपाईचा आदेश सर्वोच्च न्यायालयात २०१६ मध्ये टिकला नव्हता. त्यामुळे या तरतुदीचे मोल मोठे आहे. पण तिचे माप जिल्ह्याचे आहे, आणि गोम तिथेच आहे.

आमचे मूळ गाव रामटेक तालुक्यात, देवलापारच्या बाजूला. पावसाळ्यात तिथे लाईन गेली की थोड्याच वेळात टॉवरची बॅटरी बसते. जनरेटर आहे, त्यात डिझेल नसते. लाईन कधी दुसऱ्या दिवशी येते, कधी तिसऱ्या. तोवर ओटीपी येत नाही, ई-पीक पाहणीचे फोटो अपलोड होत नाहीत. रात्री बाई अडली तर १०८ ला फोन लावायला कोणीतरी मोटारसायकल काढून हमरस्ता गाठतो. त्याच वेळी नागपूर शहरात फाईव्ह-जी व्यवस्थित सुरू असते, म्हणून जिल्हा बंद धरला जात नाही. गावकऱ्यांच्या रिचार्जचे दिवस मात्र सरत राहतात.

सेवेचा दर्जाही सर्कलनिहाय, म्हणजे मोबाईल परवान्याच्या विभागानुसार, तपासला जातो. आपले सर्कल मुंबई वगळून गडचिरोलीपासून गोव्यापर्यंत पसरलेले. एवढ्या मोठ्या सरासरीत आमचे गाव कुठे दिसणार?

दूरसंचार सुधारणांनी या देशाचे भले केले, यात शंका नाही. १९९४ च्या धोरणानंतर खासगी कंपन्या आल्या, १९९७ मध्ये ‘ट्राय’ स्थापन झाले आणि लँडलाईनसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसणे संपले. पुढे कंपन्या अडचणीत आल्या तेव्हा २०२१ मध्ये केंद्राने त्यांना थकबाकी फेडायला चार वर्षांची सवलत दिली. तशीच तत्परता आता ग्राहकाच्या वाट्याला यायला हवी. टॉवर किती वेळ बंद होता, याची नोंद कंपनीच्या यंत्रणेत आपोआप होते. त्या नोंदीवरून, तक्रारीची वाट न पाहता, त्या टॉवरवरच्या प्रीपेड ग्राहकांना मुदतवाढ देता येईल. कंपन्यांच्या समायोजित महसुलातील ५ टक्के ग्रामीण व दुर्गम भागांत दूरसंचार सेवा पोहोचवण्यासाठीच्या ‘डिजिटल भारत निधी’साठी घेतले जातात. ते अखेर आपल्याच रिचार्जमधून जातात. त्यातून जंगलपट्ट्यातील टॉवरना सौर पॅनेल आणि दमदार बॅटऱ्या द्याव्यात.

विदर्भातील खासदारांनी हा प्रश्न संसदेच्या येत्या अधिवेशनात मांडावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, मानेवाडा, नागपूर