तुकड्यांचं जाकीट

प्रिय मैत्रिणी,

साठलेल्या तुकड्यांचं बिनबाह्यांचं जाकीट शिवणार आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. फक्त तुकडे अंगाच्या मापाने जोडत बसू नकोस. आधी त्यांचं सलग कापड बनव, कागदी कटिंगपेक्षा, म्हणजे मापाच्या कागदी नमुन्यापेक्षा, चहूबाजूंनी इंचभर मोठं, आणि मगच त्यावर कात्री चालव.

तुकडे धुतल्याशिवाय कापू नकोस. एक आटला आणि शेजारचा नाही, की शिवणीला चुण्या पडतात. त्या इस्त्रीने जात नाहीत. गडद लाल-निळे ओले करून पांढऱ्या फडक्यावर दाब, रंग उतरला तर बाजूला काढ. होजिअरीही, म्हणजे बनियनसारखं ताणणारं कापडही नको, ती ताणली जाते आणि सुती कापड तिथेच राहतं.

खरा घोळ होतो तो मायेत, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कडेच्या कापडात. पाव इंच, म्हणजे दोन सूत माया धरली तर ४ इंचांचा चौकोन जोडल्यावर साडेतीनचा उरतो. असे १० चौकोन ओळीने जोडलेस की ४० नव्हे, साडेपस्तीस इंच भरतात. माया अर्धं सूत जरी जास्त गेली, तरी दोन्ही बाजू मिळून दर शिवणीत एक सूत जातं आणि ९ शिवणींत इंचाहून जास्त कापड कमी होतं. म्हणून मशीनच्या सुईखालच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लाव आणि कापडाची कड तिलाच टेकव.

प्रत्येक तुकड्याचा उभा धागा उभाच ठेव. उरेब, म्हणजे तिरकी कापलेली कड शिवताना लांबते आणि कापड लाटांसारखं होतं. तिरका तुकडा घ्यावाच लागला तर आधी खळ देऊन कडक कर.

टाका २ मिलिमीटरचा ठेव. पुढे कात्री याच शिवणींवरून जाणार, लांब टाका तिथे उसवतो. कापून झालं की लगेच गळा आणि मुंढ्याच्या, म्हणजे हात बाहेर येतो त्या भागाच्या, कडेने एक सूत आतून टीप मार.

इस्त्री ओढू नकोस, वरून दाब. एका ओळीची माया डावीकडे, पुढच्या ओळीची उजवीकडे वळव. मग जोडावर दोन्ही माया एकमेकींना बिलगून बसतात, कोपरे जुळतात आणि गाठ जाड होत नाही. खांद्याच्या शिवणीवर आणि मुंढ्याच्या कडेवर मात्र चार तुकडे मिळतात तो कोपरा शक्यतो येऊ देऊ नकोस. तिथे आधीच कापडाचे थर असतात, सुई अडते आणि टाके सुटतात. कटिंग ठेवताना ते थोडं सरकव, एवढ्याने बरंच भागतं.

आतून मऊ सुती अस्तर लाव, नाहीतर इतक्या मायांचे धागे धुण्यात सुटत राहतील. तेही आधी धुऊन घे. तुकड्यांची मांडणी जमिनीवर करून फोटो पाठव, शिवायला बसण्याआधी.

तुझी,
जिवलग मैत्रीण