खाद्यमहोत्सवात छोटे वाढपही हवे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आंतरराष्ट्रीय खाद्यमहोत्सव म्हणजे खिसा भरलेला असेल तरच करायची चैन, असा अनेकांचा पक्का समज आहे. तो दूर व्हावा म्हणून हा पत्रप्रपंच. जर्मनीतल्या म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्ट या बिअर व खाद्यपदार्थांच्या जत्रेची परंपरा १८१० पासूनची, तरी मैदानात शिरायला पैसे पडत नाहीत. १९८० साली सुरू झालेल्या 'टेस्ट ऑफ शिकागो'तही प्रवेश मोफत असतो आणि विक्रेते चवीपुरते छोटे वाढपही ठेवतात. माझ्या मते काटकसरीची खरी किल्ली या छोट्या वाढपातच आहे.

मागे एका महोत्सवात आम्ही चौघांनी आधी नुसती एक फेरी मारली, दरफलक वाचले, मग प्रत्येकाने वेगळ्या देशाचा एकेक पदार्थ घेतला आणि एकाच टेबलावर चार चमचे मांडून चारही ताटल्या वाटून खाल्ल्या. एका पदार्थाच्या खर्चात प्रत्येकाला चार चवी मिळाल्या! मात्र आगाऊ पैसे भरून घेतलेल्या कार्डावरची शिल्लक परत मिळणार नाही, हे निघताना कळले. ती संपवण्यासाठी पोट भरलेले असताना आणखी एक ताटली घ्यावी लागली व त्यातले निम्मे अन्न टाकावे लागले, याची हळहळ अजून वाटते.

म्हणून आयोजकांनी दर, वाढपाचे प्रमाण आणि परताव्याचा नियम आधीच जाहीर करावा, आणि आपल्या वृत्तपत्रानेही महोत्सवाच्या बातमीत ही माहिती आवर्जून द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक